अकरा माशांची वाटणी

भांड्यांची वाटणी झाली, गाद्यांची झाली, कपाटांची झाली. खाली दोघा भावांच्या काचेच्या दुकानातल्या काचा तर आठवड्यापूर्वीच दोन भिंतींना वेगवेगळ्या टेकवून झाल्या होत्या. राहिली होती ती दिवाणखान्यातली माशांची टाकी आणि तिच्यातले अकरा मासे.

"अकराचे निम्मे किती हो ताई?" वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळता गुंडाळता धाकटी जाऊ म्हणाली. "साडेपाच. म्हणजे एकाला मधोमध चिरावं लागणार. बरं, कापाकापीचा धंदा घरचाच आहे."

वहिनींना, म्हणजे थोरल्या जावेला, हसू आलं, पण ते तिथेच विरलं. कारण टाकीची वाटणी झाली की घरात वाटण्यासारखं काहीच उरणार नव्हतं. चार वाजता टेम्पो येणार होता. धाकटा दीर बायकोला आणि सामानाला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला जाणार होता, आणि तो गेला की हा अबोला कायमचा होणार, या एकाच भीतीनं वहिनींची झोप उडाली होती.

भांडण तसं एका वाक्याचं होतं, बरं का. एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी भागाची काच बसवताना फुटली. कुणाच्या हातून फुटली ते देवालाच ठाऊक, कारण चार जणांचे हात होते. पण थोरला गिऱ्हाइकासमोर, कामगारांसमोर धाकट्याला म्हणाला, "तुझ्या हाताला भान नाही." धाकट्यानं हातमोजे काढले, दादाच्या पायाशी ठेवले आणि म्हणाला, "मग आजपासून माझे हात माझ्यापाशी." एवढंच. त्याला महिना होऊन गेला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं वहिनींमार्फत चालायचं. "वहिनी, दादाला सांग, आरशाची ऑर्डर तयार आहे." "अगं, त्याला म्हणावं, कळलं." दोघे हाताच्या अंतरावर बसलेले असायचे आणि वहिनी मध्ये उभ्या राहून जे दोघांनी आधीच ऐकलेलं असायचं तेच पुन्हा सांगायच्या. सुरुवातीला त्यांना याची गंमत वाटली होती. आता वाटत नव्हती.

धाकटा त्यांना दिरासारखा कधी वाटलाच नव्हता. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी तो पाटी घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसला होता. "तुला गुणाकार येतो का?" म्हणून. त्या दिवसापासून तो त्यांचाच झाला होता. भावाभावांत वाद होतात, ज्या घरात माणसं आहेत त्या घरात आवाज चढायचाच. पण तोंड फिरवून उंबऱ्याबाहेर गेलेला माणूस परत कुठल्या तोंडानं येणार, हे वहिनींना सुचत नव्हतं.

तर टाकी. चार फूट लांब, जाड काचेची, भावांनी स्वतः कापून, स्वतः सांधून केलेली. मासे थोरल्यानं आणले होते. पिवळट अंगावर काळे पट्टे असलेले, सुपारीहून थोडे मोठे, दुकानात ज्यांना टायगर बार्ब म्हणतात ते. एक वळला की सगळे वळायचे, एक थांबला की सगळे थांबायचे. थोरला माणसांशी कामापुरतं बोलायचा, पण सकाळी चहाच्याही आधी टाकीपुढे उभा राहून या अकरा जणांशी काय पुटपुटायचा ते त्यालाच ठाऊक. जेवणाखाण्याची चौकशी करत असावा.

त्या सकाळी वाटणीचा विषय निघाला तेव्हा थोरला भिंतीकडे बघत म्हणाला, "सहा त्याला. तो लहान आहे."

धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला, "वहिनी, सांग, मला उपकार नकोत. मला पाच पुरे."

"त्याला म्हणावं, उपकार नाहीत. मी थोरला, मी पाच घेईन."

"सांग त्यांना, सहा घेऊन मी ओझ्याखाली राहणार नाही."

जगात वाटणीची भांडणं जास्त मिळावं म्हणून होतात. इथे कमी मिळावं म्हणून दोघे हट्टाला पेटले होते. धाकटीनं कपाळावर हात मारला. "आणखी एक विकत आणा की! सहा-सहा होतील."

"जे आहे त्याचीच वाटणी," दोघे एकदम बोलले, आणि आपण एकच वाक्य बोललो हे लक्षात येताच दोघांनी मान फिरवली.

शेवटी थोरला म्हणाला, "घेऊ दे पाच," आणि ताडताड जिना उतरून दुकानात गेला. वर आला तो हातात काच घेऊनच. टाकीच्या रुंदीला केसभरही कमीजास्त न होणारी काच त्यानं कापली होती. कडांना रबराची पट्टी लावली होती. ती त्यानं टाकीच्या बरोब्बर मध्यावर वरून सरकवली आणि तळच्या वाळूत दाबून बसवली. जाळीनं पाच मासे खिडकीच्या बाजूला केले, सहा भिंतीच्या बाजूला ठेवले. "नेईपर्यंत असं राहू दे. नंतर कुणाचा कुठला म्हणून वाद नको."

काम इतकं चोख होतं की थेंबभर पाणी इकडचं तिकडे जाणार नाही. आणि तिथेच घोटाळा झाला. काच कापणाऱ्याला फट म्हणजे चूक. फट राहिली नाही ना एवढंच त्यानं पाहिलं. पाणी खेळवणारा फिल्टर एकच होता, तो भिंतीच्या बाजूला होता, हे ना त्याच्या लक्षात आलं, ना कुणाच्या.

सकाळभर वहिनी येता-जाता टाकीकडे बघत होत्या. आधी मासे दोन्ही बाजूंनी काचेला नाकं लावून उभे राहिले. पलीकडचे आपलेच दिसताहेत आणि जाता का येत नाही, हे त्यांना कळेना. ते काचेवर धडकत, मागे सरत, पुन्हा धडकत. मग खिडकीकडच्या पाचांनी तो नाद सोडला आणि एकमेकांकडे मोर्चा वळवला. त्यातला एक जरा बारका होता. बाकीचे चौघे त्याच्या मागे लागले. तो कोपऱ्यात गेला की कोपऱ्यात, झाडाच्या पानाआड गेला की तिथे. दुपारी जेवणं उरकली तेव्हा त्याच्या शेपटीची झालर कुरतडल्यासारखी झाली होती, आणि पाचही जण पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडझाप करत होते.

"ताई, हे असं काय करताहेत?" धाकटीचा थट्टेचा सूर गेला होता.

वहिनींनी माशांच्या दुकानात फोन लावला. तिथली बाई बडबडी होती. "वर येऊन तोंड उघडताहेत? मग हवा नाही हो त्यांना, आधी ती काच काढा. आणि पाच कसले ठेवताय? ही जात आठाच्या खाली ठेवायचीच नाही. दहा-बारा असले तर उत्तम."

"कमी ठेवले तर काय होतं?"

"भांडकुदळ जात आहे ही. थवा मोठा असला ना, की भांडण सगळ्यांत वाटलं जातं. याचा चावा त्याला, त्याचा याला, कुणाच्याच वाट्याला फार येत नाही. थोडे उरले की सगळे मिळून एकाचा जीव घेतात. तुमच्या अर्ध्या टाकीत आठ मावणार नाहीत, आणि पाच टिकणार नाहीत. एकत्र ठेवा, नाहीतर दुसरी जात पाळा."

वहिनींनी फोन ठेवला. मग जिना उतरल्या.

थोरला टेबलावर वाकून काच कापायच्या हिऱ्यानं काचेवर रेघ ओढत होता. "अहो, ती मधली काच काढा. मासे घुसमटताहेत."

"कुठले?"

"खिडकीकडचे."

"मग ते त्याचे. त्यानं काढावी."

वहिनी दुकानाच्या मागच्या अंगाला गेल्या. धाकटा आपल्या वाट्याच्या काचांना गवताचा पेंढा लावत होता. "अरे राजा, वर चल. मासे मरताहेत."

"काच कुणी बसवली?"

"दादानं."

"मग मी हात लावला आणि टाकी तडकली तर? माझ्या हाताला भान नाही ना. त्यांनी बसवलीय, त्यांनी काढावी."

"अरे, जीव जाईल त्यांचा!"

धाकट्याचा हात क्षणभर थांबला. पण तो वळला नाही. पेंढ्याची गाठ त्यानं जरुरीपेक्षा जास्त आवळली.

वहिनी पुन्हा थोरल्याकडे आल्या, तर तो म्हणाला, "ऐकलं मी. त्याला म्हणावं, टाकी तडकेल म्हणून भीती असेल तर काच बसवतानाच नको म्हणायचं होतं."

"तुम्हीच सांगा ना! तोंड आहे ना तुम्हाला?" त्यांचा आवाज फाटला. थोरल्यानं चमकून वर पाहिलं. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

वहिनी जिना चढल्या त्या देवाला साकडं घालतच. वर आल्यावर त्यांनी पदर खोचला आणि त्या काचेला हात घातला. पट्टी फुगून अशी घट्ट बसली होती की काच तसूभर हलेना. एका टोकाला ओढली तर ती तिरकी झाली आणि टाकीची बाजूची काच करकरली. धाकटी किंचाळली, "ताई, सोडा! सगळं पाणी येईल अंगावर!" वहिनींनी हात काढले. बारका मासा आता एका कुशीवर झुकला होता.

मग त्यांनी जाळी घेतली. एकेक करून त्या मासे उचलून पलीकडे टाकू लागल्या. चौघे गेले. बारक्याचा कल्ला जाळीच्या धाग्यात अडकला. तो जाळीत तडफडत होता, पण सुटेना. ओढावं तर कल्ला फाटेल, थांबावं तर जीव जाईल. त्या एवढ्याशा जिवाला धरून बसल्या असताना त्यांच्या मनात नको ते आलं. गेले कित्येक दिवस त्या मनाशी एक गोड बेत रचत होत्या. टाकी कुठेच न्यायची नाही, अकराही मासे इथेच ठेवायचे, म्हणजे धाकटा त्यांना बघायला म्हणून येत राहील. रागावला तरी येईल. हा बेत त्यांना मायेचा वाटत होता. आता हातात अडकलेला कल्ला बघून त्यांना वाटलं, ही माया कसली? हा तर गळ. माशांचा आमिष म्हणून वापर करून आपण पोरालाच ओढणार आहोत.

धागा सुटला. बारका पलीकडे पाण्यात पडला आणि फिल्टरच्या बुडबुड्यांत जाऊन उभा राहिला.

नेमका त्याच वेळी खाली टेम्पोचा भोंगा वाजला आणि धाकटा वर आला. त्यानं टाकी पाहिली. खिडकीची बाजू रिकामी. भिंतीच्या बाजूला अकराही जण, दाटीवाटीनं. वहिनींच्या हातात जाळी.

"अच्छा," तो म्हणाला. "झाली वाटणी."

"अरे, नाही रे—"

"राहू दे. ठेवा सगळे. मला नकोच होते." आणि तो गादीची वळकटी उचलायला वाकला.

हा आवाज वहिनी ओळखत होत्या. लहानपणी गोट्यांत हरून घरी आला की असाच म्हणायचा, नकोच होत्या मला. आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचा.

मागोमाग थोरला वर आला. रिकामी बाजू पाहून त्याच्याही कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुणी केलं? अगं, मी पाच मोजून दिले होते. मी कुणाचं ठेवून घेतलं असं व्हायला नको!"

"मी केलं," वहिनी म्हणाल्या. "तिथे श्वास कोंडत होता त्यांचा. तुम्ही दोघे खाली मान मोडून बसला होतात."

"मग आता किती त्याचे नि किती आपले?"

"हो, सांगच तू," धाकटा वळकटी खांद्यावर घेऊन म्हणाला. "तू म्हणशील ते शेवटचं. मी उलट बोलणार नाही."

"मीही नाही," थोरला म्हणाला.

दोघे वहिनींकडे बघत होते, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच दोघे एकाच ठिकाणी बघत होते. खाली टेम्पोवाल्यानं पुन्हा भोंगा दिला. वहिनींना नवऱ्याच्या रोजच्या सकाळी आठवल्या. चहाआधीच्या, टाकीपुढच्या. त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर शब्द फुटला नसता.

"अकरा," त्या म्हणाल्या. "एकही कमी नाही. आणि अकराच्या अकरा याच्या घरी जातील."

थोरल्याचा चेहरा कुणी थोबाडीत दिल्यासारखा झाला. "टाकीसकट?"

"टाकीशिवाय ठेवणार कुठे? बादलीत?"

"वहिनी, मला नको," धाकटा पुटपुटला. "ते दादाचे आहेत."

"उलट बोलणार नव्हतास ना?" त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कापत नव्हता. "तू कधी ये, ये की नको येऊस, तुझं तू बघ. मी तुला कशानं बांधून ठेवणार नाही. पण अर्धे ठेवून दोन्ही घरी मारायचे नाहीत."

थोरला कितीतरी वेळ टाकीकडे बघत राहिला. तो आता काय करेल, याचा अंदाज बायको असूनही वहिनींना येईना. त्यानं एकदा जिन्याकडे पाहिलं, तेव्हा हा निघून जातो की काय, असं त्यांना वाटलं. पण त्यानं बाह्या वर सारल्या आणि मधल्या काचेचं एक टोक धरलं. धरून तसाच उभा राहिला.

धाकट्यानं वळकटी खाली ठेवली. पुढे झाला. दुसरं टोक धरलं.

काच उचलणाऱ्यांची एक रीत असते. दोन टोकांना दोघे असले की डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, तोंडानं बोलायचं. उचलतो म्हणायचं, थांबतो म्हणायचं, आणि समोरच्यानं 'सोड' म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही. या एका रीतीपायीच महिनाभर दोघांनी एका काचेला हात लावला नव्हता.

काच वीतभर वर आली आणि अडकली. टाकीच्या अंगातून करकर आवाज आला.

"थांब!" थोरला ओरडला.

"थांबलोय."

"तुझं टोक वर गेलंय."

"माझं वर नाही, तुझं खाली आहे."

"बोटभर खाली घे म्हणतो ना."

"घेतलं. आता तू हळू वर."

"येतेय... येतेय... पट्टी सुटली. दोघे एकदम. हं!"

काच पाणी निथळत बाहेर आली. वहिनींनी आणि धाकटीनं जमिनीवर अंथरलेल्या गादीवर ती दोघा भावांनी उभीची आडवी केली. ओली काच, ओले हात. धाकट्याच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"सोडू?" तो म्हणाला.

थोरला धाकट्याच्या हातांकडे बघत होता. हात जागचे हलले नव्हते. धाकटा वाट बघत वाकून राहिला.

"सोड," थोरला म्हणाला. मग घसा खाकरून, "चांगली धरलीस."

धाकट्यानं हात काढले. पँटला पुसले. पुन्हा पुसले.

टाकीत रिकाम्या बाजूचं गढूळ पाणी आणि इकडचं स्वच्छ पाणी एकमेकांत मिसळत होतं. मासे अजून भिंतीकडेच घोळका करून होते.

"पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं," थोरला म्हणाला. तो टाकीकडे तोंड करून बोलत होता, पण 'त्याला म्हणावं' हे शब्द त्यात नव्हते. "नळाचं ताजं ओतलंस तर संपलं."

"माहितीय."

"काही माहिती नाही. चिमूट म्हणजे चिमूट, मूठभर घालायचं नाही खायला. तुझा हात सैल आहे."

"झालं सुरू!" धाकटा उसळला. "तू एकदा तरी नीट..."

"तुझ्या जिन्याला वळण आहे का?"

"आं?"

"जिना. चार फुटांची टाकी आहे. वळणावर उभी करता येत नाही ती, सांधा उकलतो."

"तू बघायला कधी आलास?"

"तू कधी बोलावलंस?"

तुटलं तर इथे तुटणार होतं.

"बोलावतेय मी," धाकटी म्हणाली. "या दादा, जिना मोजा. टेपही घेऊन या, आमच्या वाटणीत टेप नाही आली."

टेम्पोवाला आता खालून नावानिशी हाका मारायच्या बेतात होता. टाकी आज जाणार नाही, हे कुणी न सांगताच ठरलं. गाद्या उतरल्या, कपाट उतरलं, खोकी उतरली. धाकटा वहिनींच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्यांनी त्याच्या केसांत बोटं घातली आणि आशीर्वादाचे शब्द न सापडल्यामुळे "डबा मागच्या पिशवीत आहे, सांडू नकोस," एवढंच म्हणाल्या.

थोरला चप्पल घालून टेप खिशात टाकत खाली उतरला. चालकाशेजारी एकाचीच जागा होती. धाकटी आत बसली. मग मागे सामानात, गादीच्या वळकटीला टेकून, दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले. दोघेही अंगानं मोठी माणसं, पाय लांब करायला जागा नाही. गाडी निघाली तेव्हा वहिनी खिडकीत उभ्या होत्या. ते बोलत होते की नाही, हे इतक्या लांबून कळत नव्हतं. एवढं दिसलं की खड्ड्यात गाडी उडाली तेव्हा आरशाचं खोकं दोघांनी एकदमच दाबून धरलं, आणि थोरल्याचं तोंड काहीतरी सांगायला उघडलं.

वहिनी मागे वळल्या. टाकीतले मासे तोवर सगळ्या पाण्यात पसरले होते. बारका घोळक्याच्या मधोमध होता. कुणीतरी त्याला ढुशी दिली, त्यानं पुढच्याला दिली. वहिनींनी खाण्याची डबी उघडली, चिमूट घेतली, आणि पाण्यावर टाकण्याआधी त्या जराशा वाकून म्हणाल्या, "आज मी. ते बाहेर गेलेत."